गिरणीतल्या बायकांचे रक्त आणि एका जीवनसत्त्वाचा इतिहास



२०२० आणि २०२१ या साथीच्या सालांत क जीवनसत्त्वाच्या आणि जस्ताच्या गोळ्यांना काय भाव आला होता, हे आपण विसरला नसाल. रोगप्रतिकारक शक्ती हा एरवी परीक्षेच्या पुस्तकात राहणारा शब्द त्या दोन वर्षांत आपल्या ओट्यांवर येऊन बसला. ज्याला परवडले त्याने गोळी घेतली, ज्याला परवडले नाही त्याने काढा घेतला, आणि ज्याच्याकडे गुळालाही पैसे नव्हते त्याने देवाचे नाव घेतले. या शक्तीला पोसणारी जीवनसत्त्वे आणि क्षार यांवर मी बोलावे अशी आपल्या चिटणीसांची इच्छा. मी वैद्य नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली, आणि पुढचे जे काही वाचन झाले ते वाचनालयात, हातात शब्दकोश धरून. उभे आयुष्य मजुरांच्या संघटनेत गेले. तेव्हा कोणत्या भाजीत काय असते याची जंत्री मी वाचून दाखवणार नाही. ती दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेली असते आणि तिच्याखालच्या बाकावर बसलेल्या बाईला ती वाचता येत नाही. मी एकाच जीवनसत्त्वाचा इतिहास सांगणार आहे. तो सांगण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो, कारण तो कामगारांच्या इतिहासातला एक फाटून गळालेला कागद आहे.

आपला गाव उत्खननाला सरावलेला आहे. १९५४-५५ साली बा. के. थापर यांनी इथले टेकाड खोदले आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मडकी वर काढली. मी आज जे खोदतो आहे ते शंभर वर्षांचेही नाही, पण त्यावर माती अधिक पडली आहे.

साल १९२८. मुंबईच्या गिरणी कामगारांचा तो मोठा संप. एप्रिलपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुमारे दीड लाख माणूस बाहेर होता. कमी माणसांकडून जास्त सांचे चालवून घ्यायचे आणि मजुरीही कापायची, असा मालकांचा बेत होता. त्यातून गिरणी कामगार युनियन जन्माला आली. ही हकीकत आपण पुष्कळ वेळा ऐकली आहे आणि ती ऐकताना डोळ्यांपुढे पुरुष येतात. परंतु गिरण्यांतल्या माणसांपैकी सुमारे पाचवा हिस्सा त्या काळी बायकांचा होता. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, नाईकिणीच्या हाताखाली, त्या सूत गुंडाळीत. खानदेशच्या काळ्या रानातला कापूस रेल्वेने मुंबईस जाई, तेव्हा त्याचे सूत कुणाच्या बोटांतून गेले असेल, हा विचार आपल्या आजोबांनी केला असेल असे वाटत नाही.

या बायकांपैकी कित्येक गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत. पाय सुजत, दम लागे, जीभ सोलवटून निघे, आणि पुष्कळदा बाळंतपणाच्या आगेमागे त्या दगावत. लोक त्याला पांडुरोग म्हणत. डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. नेहमीच्या रक्तक्षयात तांबड्या पेशी लहान आणि फिक्या असतात. इथे त्या संख्येने थोड्या पण आकाराने फुगलेल्या, अर्धवट तयार झालेल्या होत्या. कारखान्यातून अपुरा माल बाहेर ढकलला जावा तसे.

डॉ. मार्गारेट बालफोर या स्कॉच बाई हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत वर्षानुवर्षे काम करून निवृत्त झाल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर मुंबईतल्या मातांच्या मृत्यूंची चौकशी करीत होत्या. त्यांच्या सूचनेवरून १९२८ साली लंडनहून डॉ. लूसी विल्स मुंबईस आल्या. वय चाळीस. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून नंतर डॉक्टर झालेल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी बस्तान मांडले. ही तीच वास्तू, जिथे १८९९ पासून प्लेगची लस तयार होई. म्हणजे रोगाला बाहेरून थोपविण्याची विद्या जिथे वाढली, त्याच छपराखाली आता शरीर आतून का खचते याचा शोध सुरू झाला.

विल्सबाईंनी प्रथम काय केले पाहा. प्रथम त्यांनी जंतूचा संशय घेतला आणि तो तपासला. जंतू सापडला नाही. मग त्या आणि त्यांच्या सहकारी डॉ. तळपदे यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या थरांतल्या बायका काय खातात, कशा राहतात, याची पाहणी केली. ती १९३० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातून असे निघाले की हा पांडुरोग सर्वांत जास्त गरीब मुसलमान बायकांत आहे, आणि त्यांचेच ताट सर्वांत रिकामे आहे. आज हे ऐकून आपण म्हणू, यात काय मोठेसे? पण त्या काळच्या सरकारी कागदांत अशा मरणांचे खापर हवेवर, अज्ञानावर, पडद्यावर, सुइणीच्या घाणेरड्या हातांवर फुटत असे. ताटाकडे बोट दाखविणे म्हणजे आडमार्गाने मजुरीकडे बोट दाखविणे होते.

आणि मजुरीचा हिशेब तर सरकारच्याच दप्तरात होता. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ साली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी करून १९२३ साली ती छापली. तिच्यात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की गिरणी कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य दुष्काळी नियमांत सांगितलेल्या जास्तीत जास्त शिध्याइतके आहे, पण मुंबई इलाख्याच्या तुरुंगात मिळणाऱ्या शिध्याहून कमी आहे. हे मी प्रथम वाचले तेव्हा पान उलटून पुन्हा पाहिले. आमच्यापैकी कोणी चळवळ्याने हे लिहिले असते तर अतिशयोक्ती म्हणून सोडून दिले असते.

आता प्रयोगांकडे वळतो. त्या वेळी जीवनसत्त्व ही कल्पना नवी होती. फुंक यांनी ते नाव दिले १९१२ साली. पांडुरोगावर यकृत खाण्याचा उपाय अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ साली सिद्ध केला होता. परंतु रोज अर्धा शेर कलेजी चाळीतल्या बाईने आणावी कोठून, आणि जिच्या घरी ती चालत नाही तिने काय करावे? विल्सबाईंनी गरीब बायकांच्या आहारासारखा आहार पांढऱ्या उंदरांना घातला. उंदीर पांढरे पडले, गाभण माद्या पिले होण्याआधी मेल्या. अ आणि क ही जीवनसत्त्वे घालून पाहिली, रक्त सुधारेना. यीस्ट घातले, आणि उंदीर तगले. गोष्ट इथेच संपती तर सोपी झाली असती. पण उंदरांच्या अंगावर उवा निघाल्या, आणि उवांबरोबर त्यांच्या रक्तात बार्टोनेला नावाचा जंतू शिरलेला निघाला. मग रक्त कशाने नासले, उपाशीपणाने की जंतूने? बाईंनी उंदीर बाजूला ठेवून प्रयोग माकडांवर केले. त्यांतले एक माकड मरणपंथाला लागले होते. त्याला मार्माइट चारले आणि ते उठून बसले. मार्माइट म्हणजे बिअर गाळल्यावर तळाशी राहणाऱ्या यीस्टपासून केलेला काळा, खारट लगदा. इंग्लंडात तो पावाला लावून खातात, किंमत किरकोळ.

मुंबईच्या आणि मद्रासच्या रुग्णालयांतल्या बायकांना तो देण्यात आला. रक्त भरू लागले. १९३१ साली हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी हे द्रव्य नेमके कोणते याचा आव आणला नाही. यीस्टमध्ये आणि यकृतात काहीतरी आहे, एवढेच सांगितले. पुढे त्या अनामिक द्रव्याला लोक विल्सचा घटक म्हणू लागले. शास्त्रज्ञांत असा संयम मला फार भावतो; आम्हा सभेत बोलणाऱ्यांना तो साधत नाही.

१९४१ साली अमेरिकेत मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक घोटून त्यातून चिमूटभर पदार्थ काढला आणि लॅटिन भाषेतल्या 'पान' या शब्दावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल ठेवले. म्हणजे पर्णाम्लच म्हणाना. १९४५ च्या सुमारास लेडरली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे. त्यांचे दोन भाऊ तरुणपणी स्प्रू या पोटाच्या रोगाने गेले होते. स्प्रूमध्ये अन्नातले सत्त्व आतड्यांत मुरत नाही, रक्त तसेच फुगीर पेशींचे होते, आणि त्यावर जे औषध लागू पडते त्यात हेच पर्णाम्ल येते. भावांना ते पंचवीस वर्षे उशिरा मिळाले. सुब्बाराव १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये वारले.

एवढे ऐकून आपण विचाराल, हे सगळे रक्ताचे झाले. रोगप्रतिकाराचा यात संबंध काय? तोच आता सांगतो, कारण इथे विषयाचा गाभा आहे.

रक्त हाडांतल्या मगजात तयार होते. तिथे तांबड्या पेशी होतात तशा पांढऱ्याही होतात, आणि पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराची फौज. जंतू आत शिरला की या पेशींना एकाच्या दोन, दोनाच्या चार असे झपाट्याने व्हावे लागते. प्रत्येक नव्या पेशीला आपल्या बीजाची नवी प्रत लागते, आणि ती प्रत उतरवायला पर्णाम्ल लागते. ते नसेल तर मगजातला कारखाना चालू असतो, पण माल अर्धवट निघतो. तांबडा तसाच पांढराही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा उलट्या बाजूने मिळाला. सुब्बारावांच्याच प्रयोगशाळेने पर्णाम्लासारखे दिसणारे पण त्याचे काम अडवून धरणारे एक द्रव्य तयार केले. बोस्टनला डॉ. फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना दिले आणि बेसुमार वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी काही काळ तरी थांबल्या. हे १९४८ साली प्रसिद्ध झाले. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट हे औषध आज संधिवातालाही देतात. ज्यांच्या घरी ते चालू असेल त्यांना ठाऊक आहे की डॉक्टर त्याबरोबर पर्णाम्लाची गोळी देतात आणि पांढऱ्या पेशी वरचेवर मोजतात, कारण पर्णाम्ल अडले की फौज घटते.

आणखी एक गंमत आहे. जंतूंनाही पर्णाम्ल लागते. मात्र पुष्कळसे जंतू ते स्वतः बनवतात. सल्फाची औषधे, जी १९३५ नंतर जगभर पसरली, ती जंतूंचा हा घरगुती कारखाना बंद पाडतात. आपल्याला त्या गोळ्यांनी तसा उपवास का घडत नाही? आपल्याकडे तो कारखाना मुळात नाहीच. माणसाला हे सत्त्व खाल्ल्याशिवाय गत्यंतर नाही. जंतू स्वावलंबी, माणूस परावलंबी. त्याची ताकद भाजीवालीच्या पाटीत.

इतर जीवनसत्त्वांचा आणि क्षारांचा इतिहासही साधारण याच वळणाचा आहे, तो भराभर सांगून टाकतो. विल्सबाई मुंबईस उतरल्या त्याच १९२८ साली इंग्लंडात ग्रीन आणि मेलनबी यांनी अ जीवनसत्त्वाला रोगजंतूविरोधी असे विशेषण लावले. पुढे सल्फा आणि पेनिसिलिन आले आणि ते विशेषण लोक विसरले. १९८० नंतर इंडोनेशियात डॉ. सॉमर यांनी दाखवले की अ जीवनसत्त्वाचा डोस मिळालेली मुले कमी मरतात. जस्ताची उणीव माणसात होते हे इराणमधल्या खेडुतांत १९६१ च्या सुमारास दाखवणारे आनंद प्रसाद मूळचे बिहारचे. आज जुलाबाच्या मुलाला साखर-मिठाच्या पाण्याबरोबर जस्ताची गोळी देतात ती त्याच वाटेने आली. मात्र ज्याच्या ताटात हे सर्व पुरेसे आहे त्याने वरून मूठभर गोळ्या गिळल्या म्हणजे त्याची फौज दुप्पट होते असे मुळीच नाही. साथीच्या काळात गोळ्यांच्या रांगेत ज्यांना उणीव नव्हती तेच पुढे होते, एवढे नमूद करून पुढे जातो.

लोह आणि पर्णाम्ल यांची एकत्र गोळी वाटण्याची योजना भारत सरकारने १९७० साली सुरू केली. आज गरोदर बाईला १८० दिवस रोज जी गोळी सांगतात तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम पर्णाम्ल असते. अर्धा मिलिग्रॅम! तोळ्याचा किती हजारावा भाग, तो सोनाराने काढावा. विल्सबाईंच्या काळ्या लगद्याचे हे नातवंड आहे. तरीही ती सरसकट, डोळे मिटून वाटायची चीज नव्हे. २००६ साली आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील पेंबा बेटातला मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. मलेरियाच्या त्या मुलखात लहान मुलांना लोह आणि पर्णाम्ल सरसकट दिल्यावर गंभीर आजार वाढलेले आढळले. जो घास आपल्या फौजेला लागतो तो शत्रूलाही हवा असतो. मलेरियाला ओळखणाऱ्या आपल्या सातपुड्याच्या मुलखाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सातपुड्याचे नाव निघाले म्हणून सिकलसेलबद्दल बोलतो. आपल्या जिल्ह्यात शंभरांत सुमारे एकोणसत्तर माणसे आदिवासी, आणि भिल्ल-पावरा घरांत हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे. सरकारने १ जुलै २०२३ ला त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जाहीर केली. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. सिकलसेलच्या रोग्याची दहा ते वीस दिवस. म्हणजे त्याच्या हाडांतला मगज तिन्ही पाळ्या करतो, सुट्टीचा वार नाही. या जादा कामाला जादा पर्णाम्ल लागते, म्हणून त्याला रोज ही गोळी सांगतात. लोह मात्र तपासणीशिवाय देऊ नये असे डॉक्टर सांगतात. शिवाय या रोगात प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, आणि जंतू गाळणारी ती चाळणी गेली की साधा न्यूमोनियाही जिवावर बेततो. रक्त आणि रोगप्रतिकार हे दोन विषय नाहीत, हे ज्याला पुस्तकावरून पटत नाही त्याने अक्कलकुवा-धडगावकडच्या एखाद्या अशा घरात जाऊन बसावे.

आपल्या जुन्या जेवणात हे सत्त्व नव्हते असे समजू नका. खानदेशातली कळण्याची भाकरी, ज्वारीत उडीद मिसळून दळलेली, ही पर्णाम्लाच्या दृष्टीने नुसत्या ज्वारीच्या भाकरीहून कितीतरी सरस. डाळी आणि कडधान्ये यांत ते भरपूर असते. मेथी, अंबाडी, तांदुळजा, हरभऱ्याचा कोवळा पाला, यांतही ते आहे. मात्र ते उष्णतेने मरते आणि पाण्यात विरघळते. भाजी शिजवून पाणी फेकले की अर्धेअधिक गटारात. पण हे सांगताना मला एका पंक्तीतल्या मंडळींचा राग येतो. ती मंडळी म्हणतात, आदिवासी बाईला खायचे कळत नाही. तिला रानातल्या भाज्यांची जितकी नावे येतात तितकी त्यांना देवांची येत नसतील. प्रश्न असा की ऊसतोडीच्या पडावावर, पहाटे तीनला उठून कोयता हातात घेणाऱ्या बाईने कोणत्या रानात भाजी खुडायला जावे, आणि उडीद कोणत्या पैशाने घ्यावेत? उचल तर घर सोडण्याआधीच संपलेली असते. मी पडावांवर पाहिलेले ताट म्हणजे भाकरी, मिरचीचा ठेचा आणि फार तर पातळ डाळ. १९३० च्या पाहणीतली पाने मी वाचली ती या ताटांशी ताडून.

विल्सबाई १९२८ साली मुंबईत आल्या, तेव्हाच मुंबई कायदेमंडळात आसवले यांचे बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल चर्चेला होते. त्या जुलैत गिरण्यांचे भोंगे मुके होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या बिलाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने त्याचा भार उचलणे न्याय्य आहे, असा त्यांचा मुद्दा होता. कायदा १९२९ साली झाला. भत्ता दिवसाला आठ आणे. एका बाजूला कायदेमंडळ, दुसऱ्या बाजूला संप, तिसऱ्या बाजूला परळची प्रयोगशाळा, आणि तिन्हींच्या मध्ये तीच बाई. मात्र या तिघांनी एकमेकांकडे पाहिल्याचे मला कागदांत कोठे दिसत नाही. संपाच्या इतिहासांत मार्माइट नाही आणि वैद्यकाच्या इतिहासांत संप नाही. विल्सबाईंना स्वतःला मात्र राजकारण वर्ज्य नव्हते. निवृत्तीनंतर त्या लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका झाल्या आणि १९६४ साली वारल्या.

आमच्या संघटनेत या विषयावर दोन तट आहेत. एक म्हणतो, मजुरी वाढवून घ्या, जीवनसत्त्वे आपोआप येतील. गोळी मागणे म्हणजे भीक मागणे. दुसरा म्हणतो, मजुरी वाढेल तेव्हा वाढेल, या हंगामात पोटुशी असलेल्या बाईने तोवर काय करावे? मी दुसऱ्या तटात आहे, आणि पहिल्यांशी भांडताना मी त्यांना कॅलेंडर दाखवतो. टोळ्या दिवाळीच्या आगेमागे इथून निघतात, बारडोलीकडे नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात, आणि उन्हाळा तोंडावर येता येता परततात. पाच-सहा महिने. गोळीचे दिवस १८०. गावच्या वहीत जिचे नाव चढले ती बाई त्या सगळ्या दिवसांत दुसऱ्या जिल्ह्यातल्या नाहीतर दुसऱ्या राज्यातल्या उसात असते. वही इथे, बाई तिथे. म्हणून यंदाच्या मागणीपत्रकात उचलीच्या दराखाली आम्ही तीन ओळी घातल्या आहेत: टोळी निघण्यापूर्वी प्रत्येकाची सिकलसेल तपासणी आणि तिचे कार्ड; गरोदर बाईला पूर्ण हंगामाच्या गोळ्या निघतानाच हातात; आणि पडावावर आठवड्याला माणशी एक किलो डाळ, जिचे पैसे उचलीतून कापले जाणार नाहीत. पहिल्या दोन ओळींवर मुकादमांची हरकत नाही, कारण त्या सरकारच्या खर्चाच्या आहेत. बोलणी अडली आहेत ती डाळीवर.